वंगणाची हिवाळी परीक्षा

पौष महिन्यातील एखाद्या गार सकाळी बेळगावच्या किंवा इंदूरच्या घरात खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली, तरी तिच्यातून थेंब पडत नाही. घरातील मंडळी ती बाटली उन्हात ठेवतात किंवा चुलीच्या कडेला सरकवतात, आणि थोड्या वेळाने तेल पूर्ववत पातळ होते. या विलंबाने कोणाचे फारसे अडत नाही. परंतु ज्या तेलाच्या आधारावर मालमोटारीचे, रणगाड्याचे किंवा डोंगर फोडणाऱ्या बुलडोझरचे एंजिन चालते, ते तेल थंडीने असेच अडून बसले, तर प्रसंग निराळा असतो. विसाव्या शतकात अशा अडलेल्या तेलापायी सैन्ये खोळंबली, रस्त्यांची कामे थांबली आणि माणसांचे प्राणही धोक्यात आले. तेलाला थंडीत वाहते ठेवण्याची ही खटपट शंभर वर्षांची आहे. जाड तेल तेच चांगले, या जुन्या समजुतीची तपासणीही तिच्यातच झाली.

एंजिनात तेलाचे काम काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हा अभियंता आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. त्याच वर्षी रशियात निकोलाय पेत्रोव्ह याने यंत्रांतील घर्षण आणि वंगण यांच्या संबंधावर आपला निबंध प्रसिद्ध केला. टॉवरला असे आढळले, की फिरणारा आस आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर दाब धरून उभा असतो, आणि सगळा भार तोच उचलतो. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने या थराचे गणित मांडले. धातूला धातू लागू न देणे हे वंगणाचे पहिले कर्तव्य होय. तेल अगदीच पातळ असेल तर थर फाटतो. म्हणून तेलाला काही एक दाटपणा हवा, हे खरे. उष्ण प्रदेशातील वाहनचालकांनी यावरून साधा निष्कर्ष काढला, की तेल जितके जाड तितके एंजिन सुरक्षित. दख्खनच्या पठारावर किंवा माळव्यात, जेथे पारा शून्याखाली सहसा उतरत नाही, तेथे ही समजूत बरीच वर्षे खपून गेली. तिचे उणेपण उघडे पाडले ते बर्फाच्या प्रदेशांनी.

डिझेल एंजिनाला तर थंडीचा त्रास अधिकच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेचे पेटंट मागितले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे यशस्वी एंजिन चालले. या एंजिनात ठिणगी नसते. नळकांड्यातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते, की ती तापून लाल होण्याजोगी होते. त्या तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेट घेते. म्हणजे डिझेल एंजिन सुरू होण्यासाठी ते पुरेशा वेगाने फिरवले गेले पाहिजे. कडाक्याच्या थंडीत तीन गोष्टी एकदम आड येतात. गार धातू दाबलेल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. शून्याखाली अठरा अंश सेल्सिअसच्या सुमारास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. आणि नेमक्या याच वेळी दाट झालेले तेल एंजिनाच्या प्रत्येक सांध्याला धरून ठेवते. बळ घटले आणि ओझे वाढले, अशी स्थिती होते. एक दर तेलाचे जाड वंगण शून्य अंशाला आले, तर एंजिन तापले असतानाच्या मानाने ते शंभर पटींहून अधिक दाट झालेले असते. त्याच्याही खाली तर हा दाटपणा झपाट्याने वाढत जातो.

तेल थंडीत बिघडते ते दोन रीतींनी. खनिज तेलात थोडेफार मेण असते. थंडी वाढली, की या मेणाचे बारीक स्फटिक बनतात, ते एकमेकांत गुंततात, आणि त्यांच्या जाळ्यात उरलेले पातळ तेलही अडकून पडते. हा एक प्रकार. दुसरा प्रकार असा, की मेण मुळीच नसले तरी प्रत्येक तेल गारठ्याने दाट होतेच. फरक असतो तो कमीअधिक प्रमाणाचा. १९२९ साली अमेरिकेत डीन आणि डेव्हिस या दोघांनी हा फरक मोजण्याचे एक कोष्टक ठरवले. पेन्सिल्व्हेनियाचे तेल उष्णतेने व थंडीने सर्वांत कमी बदलते, म्हणून त्याला त्यांनी शंभर गुण दिले. मेक्सिकोच्या आखाताकाठचे तेल सर्वांत अधिक बदलते, म्हणून त्याला शून्य. गंमत अशी, की शंभर गुणांच्या तेलातच मेण जास्त. एका दोषातून सुटावे तर दुसरा पुढे उभा! शुद्धीकरणाच्या कारखान्यांत तेल गार करून मेण गाळून टाकले जाई, तथापि ते सगळेच निघत नसे. १९३१ साली याच डेव्हिसने मेण आणि नॅफ्थलीन यांच्या संयोगातून एक द्रव्य सिद्ध केले. ते तेलात अल्प प्रमाणात घातले, की मेणाचे स्फटिक बनतात खरे, पण ते एकमेकांत गुंतत नाहीत. मेणाला हाकलून न देता त्याचा उपद्रव थांबवण्याचा हा मार्ग आजही चालू आहे.

याच सुमारास डिझेल एंजिन बंदरांतून आणि कारखान्यांतून बाहेर पडून शेतात व रस्त्यावर येत होते. अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीने १९३१ साली आपला डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला. लवकरच असे दिसून आले, की या एंजिनांतील काजळी आणि जळके तेल दट्ट्याच्या कड्यांभोवती चिकटून बसते व कडी जाम होतात. १९३५ च्या आसपास साबणासारखी मळ सोडवणारी द्रव्ये वंगणात मिसळू लागली. जड कामाच्या डिझेल तेलाची परंपरा येथून सुरू झाली. पुढे १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने तेलांची वर्गवारी केली, तेव्हा ‘हेवी ड्यूटी’ हे नाव एका वर्गाला अधिकृतपणे मिळाले. अशा तेलाने भार उचलायचा, काजळी पोटात वागवायची, धातू स्वच्छ ठेवायचा, आणि एवढे करून थंडीत वाहतेही राहायचे, अशा अपेक्षा एकावर एक रचल्या गेल्या.

रसायनशास्त्रज्ञांचे हे शोध सर्वत्र पोचण्यापूर्वी माणसे आपल्या हिकमतीने थंडीशी झगडत होती. कॅनडा आणि अलास्का येथील रानावनांत विमाने नेणारे वैमानिक १९२० नंतरच्या काळात एक नेम पाळीत. संध्याकाळी विमान उतरले, की एंजिन गरम आहे तोवरच त्यातील तेल डब्यात काढून घ्यायचे, तो डबा खोपटातील शेगडीजवळ ठेवायचा, आणि सकाळी एंजिनावर कनातीचे पांघरूण घालून, खाली भट्टी पेटवून, गरम तेल पुन्हा आत ओतायचे. तास दीड तास यातच जाई. पांघरूण पेटले तर विमानच जळून जाण्याची भीती असे.

हीच धडपड १९४१ च्या हिवाळ्यात फार मोठ्या प्रमाणावर घडली. जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीपर्यंत पोचले होते. हिवाळ्यापूर्वी युद्ध संपेल, या हिशेबाने निघालेल्या त्या सैन्यापाशी ना गरम कपडे पुरेसे होते, ना थंडीस योग्य असे वंगण. डिसेंबरच्या आरंभी पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली गेला. जर्मन सेनापती गुडेरियन याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की तेल दाट होई आणि रणगाड्यांच्या एंजिनांखाली जाळ केल्याखेरीज ती सुरू होत नसत. जर्मनांचे रणगाडे पेट्रोलवर चालणारे होते, हे येथे सांगितले पाहिजे. तेलाचा दोष केवळ डिझेलच्या वाट्याला येतो असे नाही. एंजिने ठराविक वेळाने चालू करून गरम ठेवणे, हा दुसरा उपाय. पण त्यात इंधन जळे, आणि इंधनाचीच तर टंचाई होती.

समोरच्या बाजूला सोव्हिएत सैन्याचा टी-३४ रणगाडा होता. त्यात खारकिव्ह येथे तयार झालेले बारा नळकांड्यांचे, सुमारे ५०० अश्वशक्तीचे व्ही-२ हे डिझेल एंजिन होते. रशियन डिझेलने थंडीला जिंकले, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. दाट तेल रशियन एंजिनालाही दाटच लागत होते. फरक होता तो तयारीचा. बॅटरीने दगा दिला तर एंजिन फिरवण्यासाठी टी-३४ मध्ये दाबलेल्या हवेच्या बाटल्या बसवलेल्या असत. रणगाड्याचे शिपाई जमिनीत खड्डा खणीत, त्यावर रणगाडा उभा करीत, वरून ताडपत्री टाकीत आणि खाली शेगडी पेटवून रात्र काढीत. त्यायोगे माणसांना ऊब मिळे आणि तेलालाही. विमानांच्या बाबतीत रशियनांची आणखी एक युक्ती होती. एंजिन बंद करण्यापूर्वी ते तेलात थोडे पेट्रोल मिसळीत. तेल रात्रभर पातळ राही, आणि सकाळी एंजिन तापले की पेट्रोल उडून जाई. पुढे जर्मनांनीही ही युक्ती उचलली. त्या हिवाळ्यात हिंडत्या सैन्याचे भवितव्य केवळ तोफांच्या संख्येवर अवलंबून नव्हते. पहाटे किती एंजिने फिरतात, यावरही ते अवलंबून होते.

दुसऱ्या वर्षी, १९४२ साली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. जपानच्या भीतीने अमेरिकेने कॅनडातून अलास्कापर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा रस्ता काढला. मार्चमध्ये काम सुरू झाले आणि २० नोव्हेंबर रोजी रस्ता खुला झाल्याचा समारंभ झाला. या कामावर दहा हजारांहून अधिक सैनिक होते; त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश कृष्णवर्णीय पलटणींतील होते. मोठमोठ्या डिझेल बुलडोझरांनी अरण्य कापले. हिवाळा आला, तेव्हा रात्री एंजिन बंद करणे म्हणजे ते सकाळी हाती न लागणे, असा अनुभव येऊ लागला. म्हणून ती रात्रभर चालूच ठेवली जात. याच महामार्गाच्या परिसरात, युकॉनमधील स्नॅग येथील धावपट्टीवर ३ फेब्रुवारी १९४७ रोजी शून्याखाली ६३ अंश एवढे तापमान नोंदले गेले.

एंजिन रात्रभर चालू ठेवणे हा उपाय दिसतो सोपा, पण तो महाग पडतो. डिझेल एंजिन ओझ्याविना मंद चालत राहिले, की ते नीट तापत नाही. न जळलेले इंधन नळकांड्याच्या भिंतींवरून ओघळून तेलात उतरते, काजळी वाढते, आणि ज्या तेलाच्या रक्षणासाठी ही खटपट, तेच तेल नासते. तेल रात्री काढणे, त्यात पेट्रोल मिसळणे, खाली जाळ करणे, एंजिन बंदच न करणे, हे सारे उपाय माणसाच्या जागरणावर उभे होते. खरा उपाय तेलातच शोधावा लागणार होता.

तो उपाय लांब साखळीच्या रेणूंतून आला. १९३० नंतरच्या दशकात काही कृत्रिम द्रव्ये तेलात विरघळवून पाहण्यात आली. त्यांचे रेणू थंडीत गुंडाळी करून बसतात आणि उष्णतेत पसरतात. त्यामुळे मुळात पातळ असलेले तेल थंडीत पातळच राहते, पण तापल्यावर या पसरलेल्या रेणूंच्या आधाराने ते जरुरीपुरता दाटपणा धरून ठेवते. १९५० नंतर अशी बहुश्रेणी तेले मोटारगाड्यांसाठी बाजारात आली. जड डिझेल गाड्यांचे मालक मात्र बराच काळ साशंक राहिले. ती शंका अगदीच अनाठायी नव्हती. जड एंजिनाच्या दातेरी चाकांत आणि बेअरिंगांत हे लांब रेणू तुटतात, आणि तुटले की तेल पातळ पडते. अधिक टिकाऊ रेणू तयार झाल्यावरच ‘१५ डब्ल्यू-४०’ हे तेल १९७० व १९८० च्या दशकांत जड वाहनांत रुळले.

या आकड्यांचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, तेलांचे दाटपणानुसार क्रमांक ठरवले आहेत. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा हे तापमान नव्हे. तो दोन परीक्षांचा क्रमांक आहे. एंजिन फिरवता येईल का, ही एक परीक्षा. आणि फिरल्यावर पंपाला तेल ओढता येईल का, ही दुसरी. पंधरा डब्ल्यू तेलाची पहिली परीक्षा शून्याखाली २० अंशांवर होते आणि दुसरी शून्याखाली २५ अंशांवर. दहा डब्ल्यूसाठी हे आकडे २५ आणि ३०, पाच डब्ल्यूसाठी ३० आणि ३५, तर शून्य डब्ल्यूसाठी ३५ आणि ४० असे आहेत. डब्ल्यूच्या पुढचा आकडा सांगतो तो तापलेल्या एंजिनातील दाटपणा. ज्या तेलावर नुसते ‘४०’ असे लिहिलेले असते, त्याने थंडीबद्दल कोणतेही आश्वासन दिलेले नसते.

दोन निराळ्या परीक्षा कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर १९८०-८१ च्या हिवाळ्याने दिले. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स या शहरी त्या हिवाळ्यात पुष्कळ मोटारींची एंजिने निकामी झाली. थंडी काही विक्रमी नव्हती. एंजिने फिरली आणि सुरूही झाली. पण तेल त्यांच्या बेअरिंगांपर्यंत पोचलेच नाही. चौकशीअंती कारण निघाले ते असे, की थंडी हळूहळू उतरत गेल्याने तेलात खिरीच्या सायीसारखी एक घट्ट जडण तयार झाली होती. पंपाने तोंडापाशी होते तेवढे तेल ओढले, तेथे पोकळी पडली, बाजूचे तेल ती भरण्यास सरकले नाही, आणि पंप हवा ओढीत राहिला. जे एंजिन सुरूच होत नाही ते निदान शाबूत तरी राहते. जे कोरडे फिरते ते काही मिनिटांत जळते. या अनुभवानंतर नवी परीक्षा ठरली. तीत तेलाचा नमुना जवळजवळ दोन दिवस अगदी सावकाश गार केला जातो, आणि मग तो ढळतो की नाही ते पाहतात. तपासणी झटपट उरकली तर तेलाचा हा दोष लपून राहतो, हे त्या हिवाळ्याने शिकवले. मोटारींमुळे सापडलेला हा नियम आज जड डिझेल तेलांनाही तसाच लागू आहे.

याच्याही पुढची पायरी कृत्रिम तेलांची. जर्मनीत हेर्मान झोर्न याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कृत्रिम वंगणांवर मोठे काम केले. रसायनशाळेत बांधलेल्या अशा तेलात मेण जवळजवळ नसतेच. १९६८ साली अलास्काच्या उत्तर टोकास प्रुडो बे येथे खनिज तेल सापडले, आणि तेथील यंत्रांना उघड्यावर, ध्रुवीय काळोखात काम करावे लागले. अशा जागी कृत्रिम तेलांची किंमत सार्थ ठरली.

भारताला हा इतिहास परका नाही. १९६० साली सीमा मार्ग संघटना स्थापन झाली, आणि हिमालयातील खिंडींतून डिझेल यंत्रांचा वावर वाढला. १९८४ पासून सियाचिनवर सैन्य आहे. द्रास, कारगिल आणि लेह येथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत डिझेल इंधनातील मेणही थिजते. त्यावर इंडियन ऑइलने पानिपतच्या कारखान्यात शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल तयार केले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी ते उपलब्ध झाले. परंतु इंधन वाहते राहिले म्हणून वंगण वाहते राहील, असे नाही. दोन्ही तेले निराळी, आणि दोघांची काळजीही निराळी. बेळगावच्या केंद्रात तयार होणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान ज्या सीमांवर उभे राहतात, तेथे शिधा, औषध आणि आजारी माणसाची वाट, सारे काही मालमोटारीवर अवलंबून असते. पहाटे ती फिरली नाही, तर त्याचा हिशेब रुपयांत होत नाही.

दक्षिणेकडून माल घेऊन काश्मीरच्या वाटेला लागणाऱ्या ट्रकचे तेल बहुधा घरच्या गॅरेजात बदललेले असते. तेथे हवा उबदार असते, आणि मिस्त्री बोटांत तेल चोळून, ‘जाड आहे, चांगले आहे’, असे सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्या अंगणापुरते ते खरे असते. पण त्या तेलाची परीक्षा व्हायची असते ती झोजी ला खिंडीच्या पलीकडे, पहाटे चार वाजता. म्हणून तेल निवडताना निघण्याच्या गावचे नव्हे, तर वाटेतल्या सर्वांत गार मुक्कामाचे तापमान विचारले पाहिजे, आणि एंजिन बनवणाऱ्याने पुस्तकात काय सांगितले आहे ते वाचले पाहिजे.

याचा अर्थ पातळ तेल सर्वत्र चांगले, असाही नव्हे. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत जड डिझेलसाठी तेलांचे दोन नवे वर्ग आले. त्यांपैकी एक इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम पातळ ठेवलेला आहे, आणि निर्मात्याची मान्यता नसलेल्या जुन्या एंजिनांत तो वापरू नये, अशी सूचना आहे. जाडपणा हा गुण नव्हे आणि पातळपणाही नव्हे. थंड एंजिनात वेळेवर पोचणे आणि तापलेल्या एंजिनात थर धरून राहणे, हा वंगणाचा गुण होय. मॉस्कोच्या बर्फात एंजिनाखाली जाळ करणाऱ्या शिपायापाशी असे तेल नव्हते, म्हणून त्याला आपली झोप आणि कित्येकदा आपला जीव खर्च करावा लागला. आज ते तेल दुकानात मिळते. डब्यावरचे एक अक्षर आणि दोन आकडे वाचण्याची तसदी मात्र ज्याची त्यालाच घ्यावी लागते.